ड्रमावरचं नाव

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार

आज गल्लीतल्या एकवीस ड्रमांवर नावं लिहिली. मनगट भरून आलंय, पण मन हलकं आहे. टँकर आता आठवड्यातून एकदाच येणार आणि एका घराला एकच ड्रम. मागच्या खेपेला ड्रमांची अदलाबदल होऊन दोन बायकांची झोंबाझोंबी झाली, म्हणून सिद्धेश्वरनं पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश आणून दिला. म्हणाला, "सर, तुमच्यासारखं अक्षर अख्ख्या लातुरात कुणाचं न्हाई. तुम्हीच लिवा." सिद्धेश्वर माझा जुना विद्यार्थी. कोपऱ्यावर त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. टँकर महापालिकेचा, पण फोनावर फोन करून आणतो हाच, आणि कुणाचा ड्रम भरला त्याची वहीही हाच ठेवतो. पंचेचाळिशीचा झाला तरी भेटला की वाकून पाया पडतो.

निळ्या ड्रमावर पांढरं अक्षर काय खुलतं! बहात्तरच्या दुष्काळात मी औशाकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. सुकडीच्या पिंपाभोवती पोरं बसायची आणि वाटप होईपर्यंत मी त्यांच्याकडून पावसाच्या कविता म्हणवून घ्यायचो. आभाळात ढग नसायचा, पण चाल काही कुणी चुकायचं नाही.

शेवटचा ड्रम तहसीनचा, भाडेकरूचं घर वेगळं धरलं आहे. जानेवारीपासून माझ्या गच्चीवरच्या खोलीत राहते. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय मराठी. गाव हिमायतनगर, वडील खाजामियाँ शाळेचे गणवेश शिवतात. शेजारची विशाखा तिच्या कॉलेजात शिकवते, तिनंच आणून सोडलं. "सर, सात घरांनी हिला खोली नाही म्हणून सांगितलं. तुमच्याकडे निदान कवितांची पुस्तकं तरी आहेत."

ब्रश बुडवला आणि थांबलो. गल्लीत अजून कुणी तिचं नाव विचारलेलं नाही. तोंडाला स्कार्फ तर उन्हापायी सगळ्याच पोरी बांधतात. वाटलं, उगीच कुणाच्या तोंडी विषय कशाला? म्हणून लिहिलं, 'तेजस्विनी'. वेलांटी अशी काही उतरली म्हणता!

बाहेरून आल्यावर तिला दाखवलं. बराच वेळ बघत राहिली.

"चालेल ना गं?"

"तुम्ही लिहिलंच आहे, तर चालेल सर," म्हणाली आणि हसली. फार गुणी पोर.

२१ फेब्रुवारी

टँकर आला. मी खालून हाक मारली, "तेजू, ये लवकर!" भामाबाईंना ते नाव इतकं आवडलं की त्याही तेजू तेजू करू लागल्या. समोरच्या घरात राहतात, जिभेला धार आणि हाताला काम, असं त्यांचं आहे. तिला म्हणाल्या, "वाळून काटकी झालीस गं तेजू, सर उपाशी ठेवायलेत का तुला?" सगळे हसले. आपली युक्ती लागू पडली, याचा मलाच आनंद.

पोर जरा लाजरी आहे. घरून फोन आला की खोलीचं दार आतून लावून घेते आणि हळू आवाजात बोलते. आईबापाशी बोलायला कसला संकोच? या वयात असतंच म्हणा.

संध्याकाळी तिची तयारी घेतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कविता म्हणण्याची स्पर्धा आहे. मी आमच्या शाळेतली जुनी चाल शिकवली. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज असा चढतो की मला माझा पाचवीचा वर्ग दिसायला लागतो, खिडकीतून येणाऱ्या उन्हासकट.

२ मार्च

तहसीन पहिली आली! मी गेलो होतो. सभागृहात तिनं पहिली ओळ उचलली आणि मागच्या बाकावरची पोरं काहीतरी ओरडली, मला नीट ऐकू आलं नाही. पोरांचा दंगा चालायचाच. ती क्षणभर थांबली, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणाली. शेवटी विशाखा उभी राहून टाळ्या वाजवत होती.

रिक्षात तिला विचारलं, "मध्येच का थांबलीस?"

"श्वास लागला, सर."

४ मार्च

आज मी काय करून बसलो!

सकाळी पेपर उघडला तर आतल्या पानावर तिचा फोटो, हातात ढाल. मी चष्मा न पुसता, चपला उलट्यासुलट्या घालून तसाच सिद्धेश्वरच्या दुकानात. तिथं उदगीर जिल्हा होणार का नाही, यावर चौघांची चर्चा रंगली होती. मी पेपर काउंटरवर पसरला. "राहू दे तुमचा जिल्हा! ही बघ, आपल्या गल्लीतली पोरगी. पूर्ण कॉलेजात पहिली!"

सिद्धेश्वरनं वाकून पाहिलं. फोटोखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "प्रथम क्रमांक, शेख तहसीन खाजामियाँ."

मग मला आठवलं.

तो काही रागावला नाही. चहा मागवला. "सर, ब्याऐंशीला आपला लातूर जिल्हा झाला, तवा पंधरा ऑगस्टला तुम्ही केलेली कविता मीच म्हणलो होतो. ध्यानात हाय का?"

ध्यानात नसायला काय झालं! 'नवा जिल्हा, नवी पाटी, पहिलं अक्षर आपली माती.' पोरगा काय म्हणाला होता! कलेक्टरांनी पाठ थोपटली होती. मी ओळी म्हणू लागलो, तोही म्हणू लागला. मग मध्येच थांबून हळूच म्हणाला, "सर, तुम्ही लई भोळे. त्या पोरीनं तुम्हाला खोटं नाव सांगून खोली घेतली. तुमच्या ध्यानातबी आलं न्हाई."

दुकानातली चारही माणसं माझ्याकडं कीव आल्यासारखी बघत होती.

मी चहा प्यायलो. तेवढंच केलं.

६ मार्च

भामाबाईंनी त्यांच्या मोबाइलवर दाखवलं. माझ्या ओट्यावरच्या निळ्या ड्रमाचा फोटो. त्यावर माझं अक्षर. खाली: 'नाव बदलून वस्तीत शिरकाव. वयोवृद्ध शिक्षकाची फसवणूक. सावध रहा.' फोटोत वेलांटी फार सुरेख दिसते.

आज टँकर आला तेव्हा सिद्धेश्वरनं मला दोन ड्रम भरून दिले. "सरांना एक जास्तीचा. त्यांच्यावर वेळ आली हाय," असं सगळ्यांसमोर म्हणाला. कुणी हरकत घेतली नाही. तहसीन खाली आली नव्हती. मी हाकही मारली नाही. कोणत्या नावानं मारणार?

जास्तीचा ड्रम न्हाणीत ठेवला आहे. गोष्टी सुधारायला वेळ द्यावा लागतो. आठ दिवसांत लोक विसरतील.

९ मार्च

ती वरून खाली आली आणि दारातच उभी राहिली. प्राचार्यांनी तिचं परीक्षेचं हॉल तिकीट अडवून धरलंय. कुणीतरी ड्रमाच्या फोटोसकट लेखी तक्रार केली आहे, की ही विद्यार्थिनी खोट्या ओळखीनं राहते. चौकशी होईपर्यंत तिकीट नाही. पहिला पेपर अठ्ठावीस तारखेला.

"सर, तुम्ही एकदा येऊन सांगाल का?"

"सांगतो ना. जरा वातावरण निवळू दे. आत्ता गेलो तर उलट भडका उडेल."

"बरं सर."

जिना चढताना तिच्या पावलांचा आवाज आला नाही. फार हलकं चालते.

१२ मार्च

खाजामियाँ आले होते. मुलीचं कळल्यावर प्राचार्यांना भेटायला म्हणून पहाटेच्या एसटीनं निघाले. कॉलेजच्या फाटकावर सात-आठ पोरांनी त्यांना अडवलं. त्यातली दोन सिद्धेश्वरच्या दुकानात बसणारी, त्यांना मी ओळखतो. नाव विचारलं. घोषणा द्यायला लावल्या. त्यांनी दिल्या. आवाज लहान पडला म्हणून पुन्हा द्यायला लावल्या. मग टोपी उडवली, थोबाडीत मारली, खाली पाडलं. पहारेकरी पाणी आणायला म्हणून आत निघून गेला. विशाखाच्या तासाची पोरं धावत आली, तेव्हा कुठं सुटले.

विशाखानं त्यांना माझ्याकडे आणलं. ओठ फुटला होता, सदऱ्याची बाही खांद्यापासून उसवली होती. मी न्हाणीतून तांब्या भरून आणला आणि त्यांचं तोंड धुऊ लागलो. ते माझा हात धरायला लागले. "नक्को सर, नक्को, पानी की कितनी तकलीफ है आप लोगां को. थोडा बस हो गया."

ते पाणी त्या जास्तीच्या ड्रमातलं होतं.

तहसीन बापासमोर बसून बाहीला टाके घालत होती. ते हसायचा प्रयत्न करत मला म्हणाले, "देखो सर, दर्जी का कुर्ता बच्ची सी रही." मग तिला म्हणाले, "चल घर को. परीक्षा अगले साल देंगे."

"नाही अब्बा," ती मराठीतच म्हणाली. मला ऐकू यावं म्हणून असेल. "मी काही केलेलं नाही."

तिघंही माझ्याकडं बघत नव्हते. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती पुस्तकं घेऊन विशाखाकडं राहायला गेली. खाजामियाँ शेवटच्या गाडीनं गेले. मी स्टँडपर्यंत सोडायला जायला हवं होतं.

१३ मार्च

काही लिहवत नाही.

१५ मार्च

विशाखा आली. बसली नाही. तिचे वडील उद्धव आणि मी एकाच शाळेत मास्तर होतो. मला लहानपणापासून काका म्हणणारी मुलगी आज सर म्हणाली.

"सर, ते नाव कुणी लिहिलं?"

"मी. तिच्या भल्यासाठीच."

"ते तुम्ही दहा दिवसांत कुणाला सांगितलं?"

मी म्हणालो, विशाखा, तू समजून घे. माझा हेतू वाईट नव्हता.

"हेतू तुमचा आणि मार तिच्या बापाला. माझ्या वडिलांना तुमच्याच शाळेत हेडमास्तर म्हणायचे, आडनाव सांगू नका, नुसतं नाव सांगा, म्हणजे पालकांना कळायचं नाही. तेही भल्यासाठीच. आठवतं?"

आठवतं. तेव्हा मला ते हेडमास्तरांचं मोठं मन वाटलं होतं. नंतर महिनाभर उद्धव शिक्षकांच्या खोलीत डबा खायला आला नाही, आणि मी समजलो होतो की त्याचं पोट बिघडलंय.

१६ मार्च

सिद्धेश्वरकडे गेलो. म्हटलं, "सिद्धेश्वर, ते नाव मी लिहिलं. तिनं मला पहिल्याच दिवशी खरं नाव सांगितलं होतं."

त्यानं आधी शटर अर्धं ओढलं. "सर, हे बाहेर बोलू नका. कायला तिच्यापायी सवताचं नाव खराब करायलाव? लोक म्हणतील, मास्तरच सामील हाय. मी तुम्हाला यातून बाहेर काढलं."

"तुला माहीत होतं?"

"अक्षर कुणाचं हाय ते मला कळंना का? तुमच्या हाताखाली तर शिकलो." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "सर, तुमच्यासाठी केलं मी हे."

घरी येऊन मी त्याच्या पाचवीच्या वर्गाचा फोटो काढून बघत बसलो. पहिल्या रांगेत, मांडी घालून, कपाळावर तेल ओघळलेलं. त्यानं जे केलं आणि मी जे केलं, ते दोन्ही प्रेमापोटीच, असं वाटून अंगावर काटा आला.

१८ मार्च

कॉलेजात जाऊन आलो. सुनेनं पुण्याहून पाठवलेला पांढरा सदरा घातला होता. जिन्यात दोनदा बसलो.

प्राचार्य आणि आणखी दोघं. फार आदरानं वागले. तहसीन भिंतीजवळच्या खुर्चीत, विशाखा तिच्या शेजारी. मी सांगून टाकलं. प्राचार्य म्हणाले, "सर, आपलं वय झालंय. आपल्यावर कुणाचा दबाव तर नाही ना? मुलीनंच आग्रह केला असेल, आणि आपल्याला नाही म्हणवलं नसेल."

मी कागद मागितला आणि त्यांच्यासमोर 'तेजस्विनी' लिहिलं. वेलांटी तीच आली. त्यांनी मोबाइलातला फोटो शेजारी धरला.

"आपण शिक्षक. आपण असं का करावं?"

"भ्यालो म्हणून."

"कुणाला?"

"माझ्या विद्यार्थ्यांना."

हे मी आधी ठरवून गेलो नव्हतो. घरून निघताना चांगलं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं काही तोंडात आलं नाही.

दुसरे गृहस्थ म्हणाले, पण मुलीची संमती होती ना? मी म्हटलं, "रंग वाळल्यावर विचारलं मी तिला. एका मुलीला सात घरांनी परत पाठवलं आणि आठव्यानं ठेवून घेतलं, तर ती काय म्हणणार?"

प्राचार्यांनी हॉल तिकीट ड्रॉवरमधून काढलं. इतके दिवस तिथंच होतं, हाताच्या अंतरावर. फाटकावरच्या पोरांचं काय, असं विशाखानं विचारलं. ते म्हणाले, "ते बाहेर घडलं. फाटकाच्या बाहेरचं आमच्याकडं येत नाही." विशाखानं लेखी तक्रार टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. पोच मिळायला पाऊण तास लागला. आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.

२० मार्च

गल्लीत कुणी बोलत नाही. सकाळी सिद्धेश्वर समोरून गेला. वाकला नाही. सवयीनं आशीर्वादाला माझा हात वर गेला होता, तो तसाच डोक्यावरून फिरवून घेतला.

२३ मार्च, होळी

तहसीन आली. मला वाटलं, खोली रिकामी करायला. ओट्यावर बसली. आल्यापासून पहिल्यांदा न विचारता बसली.

"सर, विशाखा मॅडमकडे दोन खोल्यांत पाच माणसं आहेत. अभ्यास होत नाही. पेपर संपेपर्यंत वर राहू का?"

"हे काय विचारणं झालं! घर तुझंच..."

"घर तुमचं आहे, सर. मी भाडं देते." जरा थांबून म्हणाली, "माझ्या दोन अटी आहेत. ड्रमावर मी स्वतः लिहिणार. आणि टँकर आला की तुम्ही बाहेर यायचं नाही. माझ्या वतीनं काही बोलायचं नाही. कविता तर अजिबात नाही."

मला हसू आलं. "त्यांनी पाणी दिलं नाही तर?"

"तर नाही दिलं. मी परत वर येईन. पण तुम्ही यायचं नाही."

"तुला राग आहे माझा."

तिनं यावर विचार केला. खरंच केला, भुवया जवळ आणून. "कविता शिकवलीत, तेव्हा मला वाटलं होतं, यांना माझा आवाज आवडतो, तर नावही आवडेल."

२४ मार्च

सकाळी तिनं टर्पेंटाइननं माझं अक्षर पुसलं. चिंधी काळीपांढरी होईपर्यंत घासत होती. मग ब्रश घेतला. अक्षर वाकडं. ओळ वर चढत गेली, 'ह'चं पोट फुगलं, आणि शेवटच्या अक्षराखाली रंगाचा ओघळ आला. तो बोटानं टिपावा म्हणून माझे हात नुसते शिवशिवत होते. दोन्ही हात काखेत दाबून बसून राहिलो. दुपारपर्यंत तो ओघळ वाळला.

२७ मार्च, रविवार

दहाला टँकर आला. ती ड्रम घरंगळत घेऊन गेली. मी आतल्या खोलीत खुर्चीवर बसलो. खिडकी बंद केली, पण आवाज येतच होते. ड्रम सरकत होते, बायका ओरडत होत्या, पाइपातून पाणी धबधबत होतं. मी एकेक ड्रम मोजत होतो. चौदा. पंधरा.

मग पाइप थांबला.

सिद्धेश्वरचा आवाज आला. "नाव?"

"तहसीन खाजामियाँ शेख."

"वहीत ह्ये नाव न्हाई."

"मग लिहून घ्या."

कुणीतरी हसलं. दुसरं कुणी म्हणालं, हिच्या बापानं फाटकावर कशा घोषणा दिल्या ते इचारा. मी उठून उभा राहिलो. कडीला हात लावला. चाळीस वर्षं वर्गात कुणी कुणाला चिडवलं, तर मी एका शब्दात वर्ग गप्प केला आहे. तो शब्द अगदी ओठावर होता. आणि तिनं मला सांगितलेलं होतं.

मी परत येऊन बसलो. हे आयुष्यातलं सगळ्यात अवघड बसणं.

मग भामाबाई.

"आरं सिद्ध्या, मुका झालास का? भर की! डरमावर लिवलंय तिनं, आंधळ्याला दिसंल एवढ्या मोठ्यानं. टँकरवाला जायलाय, मागं अजून पाच डरम हायत."

"भामामावशी, तुम्ही मधी पडू नका. तिनं आधी खोटं..."

"खोटं मास्तरानं लिवलं. साऱ्या लातूरला ठावं हाय. मास्तराला तर तू दोन डरम दिलास. आता हिला एक दे. न्हाई तर मी पाइप धरते."

चपला सरकल्या. रिकाम्या ड्रमाच्या तळाशी पहिलं पाणी पडतं, तेव्हा घुमल्यासारखा मोठा आवाज होतो. तो आवाज आला. मग पाणी चढत गेलं तसा तो बारीक होत गेला.

ड्रम काठोकाठ भरेपर्यंत मी खुर्चीतच बसून होतो. तिनं हाक मारली नाही. मीही गेलो नाही.